पूलचं पाणी साफ होतं आणि पंधरा दिवसांत पुन्हा दुधाळ, त्याचं खरं कारण

आमचा स्विमिंग पूल कर्जतजवळच्या फार्महाऊसवर आहे. २५ फूट बाय १२ फूट, उथळ बाजूला साडेतीन फूट, खोल बाजूला पाच. आम्ही राहतो ठाण्यात, जातो शनिवार-रविवारी. मधले पाच दिवस सगळं मामा बघतात. मामा म्हणजे आमचे केअरटेकर. गेलं दीड वर्ष दर दुसऱ्या-तिसऱ्या गुरुवारी त्यांचा फोन यायचा, "दादा, पाणी परत ताकासारखं झालंय." मग मी फोनवरूनच सांगायचो, तुरटी फिरवा, ब्लीचिंग टाका, फिल्टर मारा. शनिवारी पोहोचेपर्यंत पाणी बऱ्यापैकी नितळ. पंधरा दिवसांनी पुन्हा ताक.

पहिल्या वर्षी असलं काही झालं नव्हतं, हे लक्षात ठेवा. तिथेच सगळी मेख होती आणि मला ती कळायला दीड वर्ष लागलं.

कारणांकडे वळण्याआधी सुरक्षेचं बोलतो. आमच्याकडे नियम आहे, खोल बाजूला दहाचं नाणं टाकायचं आणि काठावरून छापा की काटा ते सांगायचं. सांगता आलं नाही तर त्या दिवशी पूल बंद, पाहुणे कितीही लांबून आलेले असोत. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं पोर काठावर उभ्या माणसाला दिसत नाही. बाकी सगळं नंतर.

आता ग्लासची चाचणी, याला पैसे पडत नाहीत. काचेचा स्वच्छ ग्लास घ्या, हात कोपरापर्यंत बुडवून खालचं पाणी भरा (वरचं नको, वर तेल आणि धूळ असते) आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. त्यात चमचाभर व्हिनेगर टाका. ढवळल्यावर पाणी डोळ्यांदेखत निवळलं तर पाण्यात चुना सुटलाय, म्हणजे पीएच (पाणी किती आम्ल) आणि हार्डनेस (पाण्याचा जडपणा) यांचा घोळ आहे. निवळलं नाही, पण अर्ध्या तासात तळाशी पिठासारखा थर बसला तर माती किंवा बारीक धूळ आहे, फिल्टरकडे बघा. दोन्ही नाही, आणि कागदासमोर पाण्याला किंचित हिरवी झाक दिसते, तर शेवाळ सुरू झालंय. भिंतीवर दिसायला अजून दोन दिवस असतील, इतकंच.

माझी पंचाईत अशी की आमच्याकडे एका खेपेला व्हिनेगरने पाणी निवळायचं आणि पुढच्या खेपेला निवळायचं नाही. म्हणजे आजार दोन होते, आळीपाळीने येणारे. आणि ते दोन्ही आम्हीच आणत होतो.

मामा रोज सकाळी १०० ग्रॅम टीसीसीए टाकायचे. पूलच्या दुकानात क्लोरीनची ९० टक्केवाली पावडर किंवा गोळी म्हणून मिळतं ते हेच. टीसीसीए आम्लधर्मी असतं, रोज थोडी थोडी अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरणारे क्षार, खातं. अल्कलिनिटी उतरली की पीएच धरून राहत नाही, आज ६.८ तर उद्या ७.६. महिन्यातून एकदा येणारा सर्व्हिसवाला पीएच कमी बघून दोन-तीन किलो धुण्याचा सोडा ओतून जायचा. आमच्या बोअरचं पाणी जड, चहाच्या भांड्याला पांढरा थर धरणारं. त्यात सोडा पडल्यावर पीएच ८.२ च्या वर उडी मारायचा आणि चुना पाण्यातच फुटायचा. झालं ताक! त्यावर तुरटी. तुरटीने गाळ बसतो खरा, पण तीही अल्कलिनिटी खाते, म्हणजे पीएच पुन्हा खाली, पुन्हा सोडा. वर "शॉक" म्हणून ६५ टक्केवाली ब्लीचिंग. तिच्यात कॅल्शियम, म्हणजे चुन्याला आणखी माल. एकदा तर त्या माणसाने शेवाळासाठी मोरचूदही टाकलं होतं, त्याचे निळसर-काळे डाग टाइल्सच्या सांध्यांत अजून आहेत. प्रत्येक पुडी आधीच्या पुडीने केलेली घाण निस्तरायला येत होती.

तो झाला चुन्याचा आजार. शेवाळाचं मूळ सापडलं ते टेस्ट किट बदलल्यावर.

तोवर आमच्याकडे पिवळा रंग दाखवणारं साधं ओटीओ किट होतं. रंग गडद पिवळा आला की मामा खूश, "क्लोरीन भरपूर आहे." पण ओटीओ दाखवतं एकूण क्लोरीन. त्यातलं घाम, लघवी, तेल यांच्याशी बांधलं गेलेलं क्लोरीन काही कामाचं नसतं. नाकाला झोंबतो तो पूलचा वासही त्याचाच. वास जास्त म्हणजे क्लोरीन जास्त हा समज उलटा आहे. काम करणारं फ्री क्लोरीन वेगळं मोजायला डीपीडीचं किट लागतं, रंग गुलाबी येतो. त्याबरोबर अल्कलिनिटी, हार्डनेस आणि स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हात टिकवणारं रसायन) मोजणारं किट घ्या. ही शेवटची चाचणी बहुतेक लोक करतच नाहीत. मीही केली नव्हती.

स्टॅबिलायझरची चाचणी बघायला गमतीची असते. पूलच्या पाण्यात औषध मिसळलं की ते पांढुरकं होतं. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. जितका लवकर ठिपका गडप, तितका स्टॅबिलायझर जास्त. आमचा ठिपका तीन बोटं पाणी ओतायच्या आत गेला, नळीवरच्या सगळ्यात खालच्या १०० च्या खुणेपर्यंतही पाणी पोहोचलं नव्हतं, म्हणजे आकडा १०० हून जास्त. मग पूलचं पाणी आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं करून पुन्हा केलं. ६५ आलं. म्हणजे खरा आकडा १३०.

वहीतली त्या दिवशीची नोंद (पीएच सोडून सगळं पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती): पीएच ७.९, फ्री क्लोरीन १.५, एकूण क्लोरीन ३, अल्कलिनिटी ९०, हार्डनेस ४६०, स्टॅबिलायझर १३०.

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड. क्लोरीनला ते उन्हापासून वाचवतं. ते अजिबात नसेल तर आपल्या उन्हात सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत जवळजवळ संपतं. त्यामुळे ३० ते ५० पीपीएम हवंच. पण ते क्लोरीनला धरूनही ठेवतं, आणि जितकं जास्त तितकं घट्ट. फ्री क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्क्यांच्या खाली गेलं की शेवाळ क्लोरीनला जुमानत नाही. १३० चे साडेसात टक्के म्हणजे जवळजवळ १०. आमचं होतं १.५! डब्यावर लिहिलेलं "१ ते ३ पीपीएम ठेवा" हे आम्ही इमानेइतबारे पाळत होतो आणि शेवाळ आरामात वाढत होतं.

इतका स्टॅबिलायझर आला कुठून? त्याच टीसीसीएमधून. टीसीसीएच्या वजनातला निम्म्याहून थोडा जास्त भाग स्टॅबिलायझरच असतो. क्लोरीन खर्च होतं, स्टॅबिलायझर तिथेच बसतो. ऊन त्याला उडवत नाही, फिल्टर त्याला अडवत नाही, पाणी आटलं तरी तो मागे उरतो. आमच्या ३६,००० लिटरमध्ये रोजचे १०० ग्रॅम म्हणजे रोज दीड पीपीएम, महिन्याला ४५, त्यातला काही पावसात वाहून जातो तेवढाच सुटतो. हिशोब तुमच्या पूलचा करून बघा: लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं फुटांत, आणि आलेल्या आकड्याला २८.३ ने गुणलं की लिटर येतात. पहिल्या वर्षी पाणी नवं होतं, स्टॅबिलायझर चढायचा होता. म्हणून तेव्हा काही झालं नाही.

अल्कलिनिटीच्या आकड्यातही तो खोट मिसळतो. वाचलेल्या आकड्यातून स्टॅबिलायझरचा साधारण तिसरा हिस्सा वजा करायचा. ९० वजा ४३, म्हणजे आमची खरी अल्कलिनिटी होती ४७. हवी ८० ते १२०. किटवर सगळं ठीक दिसत होतं आणि पीएच मात्र माकडासारखा उड्या मारत होता, ते यामुळे.

यावर व्यवहारात एकच उपाय: पाणी बदला. मलाही जिवावर आलं. बोअर उन्हाळ्यात जेमतेम चालतो आणि टँकर मागवून पूल भरणं कोणाला आवडतं? पण दीड वर्षात पावडरींवर गेलेले पैसे वहीत मांडले तेव्हा टँकर स्वस्त वाटले.

पूल एकदम रिकामा करायचा नाही. भर उन्हात टाइल्स सुटतात, आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं तेव्हा रिकाम्या टाकीला ते खालून उचलतं, टाकी तडकते. आम्ही फेब्रुवारीत केलं, आंब्याचा मोहोर पूलमध्ये झडत होता त्या दिवसांत. निम्मं काढलं, भरलं, एक दिवस पंप चालवला, पुन्हा निम्मं. १३० चं ६५, ६५ चं साधारण ३३. काढण्याआधी क्लोरीन टाकणं थांबवून डीपीडीवर शून्य येईपर्यंत थांबलो आणि पाणी बागेत फिरवलं. ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. भरताना अर्धं बोअरचं, अर्धं टँकरचं घेतलं, टँकरचं पाणी हलकं होतं. हार्डनेस ४६० वरून २६० वर आला. बोअरमध्ये लोह असेल तर नव्या पाण्यात क्लोरीन पडताच ते चहासारखं किंवा हिरवट होतं. घाबरू नका, ते शेवाळ नाही, दोन-तीन दिवसांत फिल्टरमध्ये अडकतं.

मग क्रम असा ठेवला, आणि तो उलटसुलट करू नये असं माझं ठाम मत आहे. आधी अल्कलिनिटी. त्यासाठी धुण्याचा सोडा नाही, खाण्याचा सोडा. दर हजार लिटरला १७ ग्रॅमने अल्कलिनिटी १० ने वाढते. आम्हाला ४० वाढवायची होती, म्हणून अडीच किलो, दोन दिवसांत विभागून. खाण्याचा सोडा पीएचला फारसा हलवत नाही, म्हणून पाणी दुधाळ होत नाही. त्यानंतर पीएच, ७.४ ते ७.६. वर असेल तर ॲसिड, पण अंदाजाने कॅन उपडा करायचा नाही. आमच्या पूलला एका वेळी २०० मिली, बादलीभर पाण्यात ॲसिड (ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही), पंप चालू ठेवून खोल बाजूला, आणि चार तासांनी पुन्हा मोजणी. पीएचची एवढी पत्रास का? स्टॅबिलायझरने न धरलेल्या क्लोरीनचा ७.५ ला साधारण अर्धा भाग जोरकस रूपात असतो, ८ ला चौथा हिस्साही धड नाही.

मग क्लोरीन. शेवाळ मारायला एकदा भरपूर, स्टॅबिलायझरच्या ४० टक्के, आमच्यासाठी १३ च्या थोडं वर, म्हणून १४ पीपीएम. आम्ही १० टक्क्यांचं पातळ सोडियम हायपो वापरलं, पाच लिटर, सूर्य मावळल्यावर. हायपोत ना कॅल्शियम ना स्टॅबिलायझर, मागे थोडं मीठ उरतं इतकंच. रोज भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासायच्या, पायरीच्या आतला कोपरा विसरायचा नाही, आणि आकडा पुन्हा १४ वर न्यायचा. क्लोरीन इतकं असताना पीएच मोजू नका, रंग जांभळा येऊन फसवतो. डीपीडीसुद्धा गुलाबी होऊन क्षणात पांढरं पडतं आणि क्लोरीन शून्य आहे असं वाटतं! एक भाग पूलचं, चार भाग आरओचं पाणी घेऊन मोजा आणि पाचाने गुणा.

थांबायचं कधी? रात्री अंधार पडल्यावर मोजा, पहाटे ऊन यायच्या आत मोजा. रात्री ऊन नसतं, म्हणजे जे कमी झालं ते कोणीतरी खाल्लं. घट १ पीपीएमच्या आत आली की खाणारं कोणी उरलं नाही. आमच्याकडे पहिल्या रात्री १४ चं ८ झालं. चौथ्या रात्री १३.५. पाणी तेव्हाही थोडं धूसर होतं, पण ती मेलेल्या शेवाळाची राख, ते काम फिल्टरचं.

फिल्टरनेही आम्हाला धडा दिला. वाळू उघडली तर वरचा थर चुना आणि तुरटीने धरून पेंड झाला होता, हाताने तुकडे निघाले. त्यात पाणी एकाच भेगेतून वाट काढून जात होतं, गाळत काहीच नव्हतं. सगळी वाळू बदलली. आता ताज्या धुतलेल्या फिल्टरच्या दाबाचा काटा मामांनी काचेवर खडूने मारून ठेवलाय. त्याच्या वर ०.६ किलो चढला की बॅकवॉश (पाणी उलटं सोडून वाळू धुणं), त्याआधी नाही. रोज बॅकवॉश करणं म्हणजे स्वच्छता नव्हे, किंचित मळलेली वाळू जास्त बारीक गाळते. बॅकवॉशनंतर अर्धा मिनिट रिन्सवर ठेवायचं, नाहीतर नळीतला गाळ परत पूलमध्ये भसकन येतो. आणि मल्टिपोर्टची, म्हणजे फिल्टरवरच्या झडपेची, मूठ पंप बंद केल्याशिवाय फिरवायची नाही, आतलं गॅस्केट फाटतं आणि न गाळलेलं पाणी आडवाटेने परत जातं.

एक चोर मात्र महिनाभर सापडला नव्हता. आमचा पंप रोज आठ तास चालतो असं सगळे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात लाइट गेली की स्टार्टर पडायचा आणि लाइट आली तरी कोणी हिरवं बटण दाबेपर्यंत पंप बंदच. मामा शेतात असायचे. कित्येक दिवस पंप तीनच तास चालला असेल. आता मीटरच्या खोलीत एक छोटा बल्ब पंपाच्या लाइनवर आहे, तो शेतातूनही दिसतो.

तुरटी मग टाकायचीच नाही का? हंड्यात आजी फिरवायची ती तुरटी वाईट नाही, पण ती शेवटी. पीएच-क्लोरीन जागेवर असेल आणि पावसाने लाल माती आत आणली असेल तर दीड किलो तुरटी पाण्यात विरघळवून, मल्टिपोर्ट रीसर्क्युलेटवर ठेवून तासभर फिरवा (फिल्टरमधून नाही, वाळूची पेंड होते), मग रात्रभर पंप बंद. सकाळी तळाशी साईसारखा थर असतो. तो व्हॅक्यूमने थेट वेस्टला (फिल्टर टाळून बाहेर) काढायचा, हळूहळू. घाई केली की साय उधळते आणि पुन्हा एक रात्र गेली.

हे सगळं करताना मामांच्या खोलीत एक गोष्ट दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. टीसीसीएच्या आणि ब्लीचिंगच्या डब्यांत एकच निळा मग. थोडी ओली पूड तळाला चिकटलेली. ही दोन्ही एकत्र आली तर पेट घेतात, स्फोटही होतो. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू. आता प्रत्येक डब्याला स्वतःचा मग, डब्याच्या रंगाचा, आणि ॲसिडचा कॅन घराच्या दुसऱ्या टोकाला, शेडखाली.

सध्याची दिनचर्या साधी आहे. फ्री क्लोरीन ४ च्या आसपास, उन्हाळ्यात त्यासाठी संध्याकाळी पाऊण ते एक लिटर हायपो. हायपो उन्हात मरतं, म्हणून मोठा कॅन घेत नाही आणि सावलीत ठेवतो. अल्कलिनिटी आठवड्याला, स्टॅबिलायझर आणि हार्डनेस महिन्याला. रंगपंचमीला पूल बंद, आणि डोक्याला तेल लावून आलेल्यांना आधी शॉवर. यावरून एक मेव्हणे अजून नाराज आहेत.

टीसीसीए पूर्ण सोडलेलं नाही. जून ते सप्टेंबर मामा एक गोळी फ्लोटरमध्ये (पाण्यावर तरंगणाऱ्या डबीत) ठेवतात, कारण कर्जतचा पाऊस स्टॅबिलायझर धुऊन नेतो आणि थोडी भर लागतेच. पावसाच्या पाण्याचा हार्डनेस आणि स्टॅबिलायझर दोन्ही जवळजवळ शून्य, आणि ते फुकट. पाणी बदलणं परवडत नसेल त्यांनी हाच मार्ग धरावा: जोराचा पाऊस लागला की सहा इंच पाणी वेस्टला सोडा आणि आभाळाकडून भरून घ्या. आमच्या खोलीला सहा इंच म्हणजे सुमारे १२ टक्के, नऊ-दहा वेळा केलं की स्टॅबिलायझर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. फक्त अल्कलिनिटीही तशीच वाहून जाते, त्यामुळे जुलैत खाण्याच्या सोड्याची गोणी घरात असू द्या.